वरची लाईन, खालची लाईन आणि राणीचा भाऊ

केबलवाला दिवसभर टीव्ही बघत असेल, असा लोकांचा पक्का समज असतो. माझ्या सासऱ्यांचाही होता. जावई काय करतात असं कोणी विचारलं की ते तोंड वाकडं करून सांगायचे, "टीवी पाह्यतेत." खरं सांगतो, उमेदीची सगळी वर्षं मी गावाला केबल पुरवली, पण एकही मालिका धड पाहिली नाही. मी पडद्याकडे बघायचो ते मुंग्या येतात का, रंग फुटतो का, आवाज चिरकतो का, एवढ्यापुरतं. पडद्यावर कोण रडतंय आणि कशापायी रडतंय, याच्याशी माझं देणंघेणं नव्हतं. त्यातूनच पुढे सांगतो तो घोटाळा झाला, आणि त्या घोटाळ्यापायी माझ्याच ऑफिसातल्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडायची पाळी आली.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण आताच्या पोरांना केबल म्हणजे मोबाईल चार्ज करायची वायर वाटते. माझ्या गच्चीवर चार मोठ्या छत्र्या होत्या, कढईसारख्या. त्या आभाळातून चॅनल पकडायच्या. खाली एका खोलीत डब्यांची रास, त्याला आम्ही कंट्रोल रूम म्हणायचो. तिथून जाड काळी वायर निघायची, ती विजेच्या खांबावरून, कडुनिंबावरून, मारुतीच्या देवळाच्या मागून गावभर फिरायची. थोडं अंतर गेलं की सिग्नल दमतो, मग मध्ये बूस्टर लावावा लागतो. बूस्टरला करंट लागतो, तो जवळच्या एखाद्या घरातून घ्यायचा आणि त्या बदल्यात त्या घराला केबल फुकट. ज्याच्या घरी बूस्टर तो गल्लीचा पाटील. चित्र गेलं की शेजारी माझ्याकडे न येता आधी त्याच्या दारात जायचे, आणि तोही कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "थांबा, पाह्यतो."

बाकी आमचे वैरी दोन. एक वांदरं. काळ्या तोंडाची ती वांदरं आमच्या वायरीवर झोके घ्यायची आणि कंटाळा आला की चावून बघायची. दुसरा वैरी म्हणजे क्रिकेट, कारण मॅचच्या दिवशी एक मिनिट चित्र गेलं तरी लोक घरी येऊन माझ्या आईपर्यंत बोलायचे.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नग होती. बाजार ओळीतले रामरावआजोबा संध्याकाळच्या बातम्या लागायच्या आधी सदरा घालायचे, टोपी चढवायचे आणि खुर्चीत ताठ बसायचे. मी एकदा विचारलं, आजोबा, कुठे निघालात काय? म्हणाले, "जाऊन कुठी राह्यलो? ते बातम्यावाली बाई येवढी नटूनथटून समोर येते, आपुन बनेनवर कसं बसाव?" चित्र बिघडलं तर ते माझ्यावर चिडायचे नाहीत, त्या बाईची तब्येत विचारायचे.

त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव टीव्हीवर यायचं ते एकाच कारणाने. कापसाचे दिवस वाईट होते, आणि ते किती वाईट होते हे सांगायला मोठमोठ्या शहरांतून गाड्या यायच्या. ते दुःख खोटं नव्हतं, मी वायर ओढायला घराघरांत शिरायचो, मला माहीत होतं. पण माणूस बारा महिने रडू शकत नाही. हसायला, भांडायला, तावातावाने बोलायला त्यालाही काहीतरी लागतं. ते आम्हाला एका राणीने दिलं.

राणी इतिहासातली, खरीखुरी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर दोन्ही बाजूंची माणसं अजूनही मला फोन करतील. तिची मालिका मंगळवारी आणि बुधवारी रात्री आठला लागायची, आणि तिथेच आमची अडचण होती. लोडशेडिंगमुळे गावाचे दोन भाग झाले होते. बाजार, कचेरी, टेकडी ही वरची लाईन. नाल्यापलीकडे शेतकऱ्यांची वस्ती ही खालची लाईन. रात्री आठला वर उजेड असायचा तेव्हा खाली मिट्ट काळोख. खालच्या लाईनच्या बाया एक दिवस घोळक्याने आल्या आणि म्हणाल्या, "आमी कनेक्शन काय कंदील पाह्याले घेतलं काय?"

मग मी एक सोय केली. माझ्याकडे इन्व्हर्टर होता आणि कॅसेटवर रेकॉर्ड करायचं यंत्र होतं. रात्री आठ ते साडेआठ मालिका रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, खाली लाईट आली की, माझ्या स्वतःच्या लोकल चॅनलवर लावायची. हे कायद्यात बसत होतं की नाही, ते मला तेव्हा कोणी विचारलं नाही, आता तुम्हीही विचारू नका. अख्खी खालची लाईन सकाळी नऊला कामं टाकून राणीपुढे बसायची. एवढंच की वरची लाईन एक रात्र पुढे असायची. वरची टवाळ माणसं सकाळी नाल्याजवळ उभी राहून ओरडायची, "सेनापती मेला बरं का!" आणि खालच्या बाया कानात बोळे घालून पाण्याला जायच्या.

मतं तर विचारू नका. निवृत्त गुरुजी सांगायचे की राणीच्या ताटात बटाट्याची भाजी दाखवली, त्या काळी आपल्याकडे बटाटा होता कुठे? भीमनगरच्या कांताबाईचं म्हणणं वेगळं. "राजवाड्यात येवढे पडदे, धुते कोन? एक डाव तरी त्या बाईले दाखवा म्हना." मुकुटबनकडच्या पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, बाजाराला येणारा एक म्हातारा कोलाम चहाच्या टपरीवर उभ्याने मालिका बघायचा. राणी पैंजण घालून शिकारीला निघाली तेव्हा तो एवढा हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. "आवाज आयकून सारं जंगल पयून जाईन," म्हणाला. ज्याला जे काम येतं, त्याला राणीत तेवढंच दिसायचं.

ही मतं मी लोकल चॅनलच्या खालच्या पट्टीवर चालवायला लागलो. पट्टी म्हणजे पडद्याच्या तळाशी सरकत जाणारी अक्षरं. एरवी त्यावर वाढदिवस, साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस. आता त्यात राणी आली. टायपिंग करायला सुनंदा होती. नाल्यापलीकडच्या वसंतरावांची मुलगी, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, बोलायला कमी आणि बोटं मशीनसारखी चालणारी. दिवसा माझ्या ऑफिसात काम करायची आणि दिवेलागणीआधी घरी जायची. तिचं लग्न वरच्या लाईनीतल्या नामदेवरावांच्या मुलाशी, प्रवीणशी ठरलं होतं. प्रवीण पुसदला एका शाळेत शिकवायचा. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली होती.

प्रवीण केबलच्या ऑफिसात फोन करायचा. मी उचलला की घाबरून म्हणायचा, "चित्र नीट येत नाही, तक्रार करायची होती." मी म्हणायचो, बाबा रे, पुसदला माझी केबलच नाही, तरी तुझी तक्रार मोठी दिसते, थांब, तक्रारवाल्या बाईंना देतो. सुनंदाचे कान लाल व्हायचे. दोघं बोलायची काय, तर राणीचं. ठरलेल्या लग्नातल्या पोरांना दुसरं बोलायची लाज वाटते.

आता दोन बापांविषयी. नामदेवराव कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर होते. ग्रेडरचं काम दिसायला सोपं. गाडी समोर आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, खालची मूठ काढायची, बोटांनी उसवून बघायची आणि प्रत सांगायची. त्या एका शब्दावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. वर पांढरा शुभ्र कापूस आणि पोटात ओला, पिवळा, असं पुष्कळदा असतं, म्हणून हात खालपर्यंत घालावा लागतो. बोंड नीट फुटलं नाही की कापूस पिवळट, टणक राहतो, त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. नामदेवरावांचा हात कधी चुकला नाही आणि जीभ कधी नरमली नाही, यावर गावाचं एकमत होतं. त्यांचा राग करणारेही तेवढं मान्य करायचे.

त्या हंगामात मी केंद्राच्या ऑफिसात वायर जोडायला गेलो होतो. गाड्यांची रांग लागली होती आणि तिच्यात वसंतरावांची गाडी होती. सोयरीक ठरलेली, सगळ्यांना ठाऊक. नामदेवराव आले, हात घातला, मूठ उसवली. माणसं माना लांब करून बघत होती. नामदेवरावांनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "कवडी आहे." आणि पुढच्या गाडीकडे गेले. वसंतराव काही बोलले नाहीत. बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडी हलक्या मालाच्या ढिगाकडे वळवली. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं, ते मी ऐकलं, म्हणजे त्यांनीही ऐकलं असणार.

दोघंही त्यावर कधी बोलले नाहीत. वरवर सगळं ठीक होतं. मग राणीचा भाऊ आला.

मालिकेत राज्यात दुष्काळ पडला होता आणि धान्याच्या कोठाराची चावी राणीच्या सख्ख्या भावाकडे होती. भाऊ देखणा, गोड बोलणारा, लहानपणी त्यानेच राणीला बुडताना नदीतून काढलेलं. एका बुधवारी सकाळी खालच्या लाईनने बघितलं की भाऊ देवाला नमस्कार करतोय. दुसऱ्या दिवशी बघितलं तर राणी भर दरबारात त्याला चोर म्हणते आणि राज्याबाहेर काढते. खालची लाईन पेटली. त्याच दुपारी वसंतराव ऑफिसात आले, मुलीच्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "लिव्ह. जे बाई सख्ख्या भावाची नाही झाली, ते परजेची काय होईन?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, टाक. मत आहे, त्यात काय?

दुसऱ्या दिवशी नामदेवरावांनी चिठ्ठी पाठवली. पट्टीवर आलं, "न्याय नाते पाहत नाही. राणीने योग्य केले." संध्याकाळी खालून उत्तर, "भावाचे उपकार विसरणारे न्याय काय करणार?" पुन्हा वरून, "उपकार वेगळा, चूक वेगळी." अख्ख्या गावाला कळलं की इथे राणी नावाला आहे आणि बोलणं कापसाचं चाललंय. लोक मालिका कमी आणि पट्टी जास्त बघायला लागले. मीही खूष होतो, माझं चॅनल एवढं कधी चाललं नव्हतं. सुनंदा मात्र एकीकडे बापाचं आणि दुसरीकडे होणाऱ्या सासऱ्याचं टाइप करत होती आणि दिवसेंदिवस गप्प होत होती.

त्याच सुमारास शहरातून टीव्हीवाल्यांची एक गाडी आली. त्यांना कापसाच्या ढिगाजवळ बसलेला शेतकरी हवा होता. त्यांनी वसंतरावांना धरलं. कापूस ओंजळीत घ्या, खाली बघा, काही बोलू नका, असं समजावलं. वसंतरावांनी कापूस घेतला, खाली बघितलं आणि मग मान वर करून त्या माईकवाल्या मुलीला विचारलं, "तुमी टीवीवाले ना बाई? मंग राणी भावाले वापस आनते का, तेवढं सांगा." तिला राणी कोण तेच माहीत नव्हतं. वसंतरावांनी कापूस खाली टाकला. "मंग कायचे टीवीवाले तुमी?" हे शूटिंग काही दाखवलं गेलं नाही, पण गावात ते घरोघरी करून दाखवलं गेलं.

मग बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर दोघं समोरासमोर आले. टपरीवाल्याला राहवलं नाही. "काय मंग, काय म्हन्ते राणी?"

नामदेवराव शांतपणे म्हणाले, "राणीनं बरोबर केलं."

"घरच्या मानसाले हाकलून देलं, ते बरोबर?" वसंतराव बशी खाली ठेवत म्हणाले.

"चूक असली तर घरचा काय अन् बाहेरचा काय."

"म्हंजे उद्या माह्या पोरीच्या हातानं भाजीत मीठ जास्त पडलं, तं तुमी चौकात उभं राहून सांगसान."

"भाजी खारट असली तर मी गोड म्हणणार नाही, वसंतराव."

वसंतराव उठले. "मंग राहू द्या. साक्षगंध राहू द्या. अशा घरी मी पोरगी देत नाही."

टपरीवरची हसणारी माणसं पिशव्या उचलून पांगायला लागली. आतापर्यंत ही गंमत होती. माझा चहा तसाच राहिला, कारण पट्टी माझी होती.

दुसऱ्या दिवशी सुनंदा कामावर आली ती डोळे सुजवून. दुपारी पुसदचा फोन आला. मी थट्टा न करता तिच्या हातात दिला. ती बराच वेळ ऐकत होती. मग एकदम ताठ बसली. "काय म्हनता? कोठारातून धान्य इकलं? कवा दाखवलं हे?" फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "भाऊ, राणीचा भाऊ खराच चोर होता. रात्री कोठार उघडून धान्य इकत होता, अन् राणीनं सोता पाह्यलं. तो भाग एक तासाचा होता. आमाले अर्धाच दिसला!"

मी डोक्याला हात लावला. भावाचा नमस्कार दाखवला त्या मंगळवारी चॅनलने एक तासाचा विशेष भाग ठेवला होता. आठवडाभर जाहिरात केली असणार. पण मी जाहिराती कुठे बघतो? माझं यंत्र नेहमीप्रमाणे साडेआठला बंद झालं. वरच्या लाईनने चोरी बघितली, खालच्या लाईनने नुसता नमस्कार बघितला, वरचे चोर म्हणायचे तो खालच्यांना राणीने घेतलेला खोटा आळ वाटायचा, आणि दोन्ही लाईनी इतके दिवस एकमेकींना मूर्ख म्हणत होत्या.

मला तर आनंदाने नाचावंसं वाटलं. लग्न वाचवायला एक कॅसेट पुरणार होती! पुसदच्या केबलवाल्याकडे पूर्ण भाग होता. प्रवीणने शाळा सुटल्यावर ती कॅसेट मिळवली, रुमालात बांधली आणि आमच्या गावाकडे येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिली. मी स्टँडवर वाट बघत उभा होतो. माझ्या बायकोने तोवर कळंबच्या चिंतामणीला लाडू बोलून ठेवले होते. पट्टीवर जाहीर केलं, "खालच्या लाईनसाठी राणीचा राहिलेला अर्धा भाग उद्या सकाळी नऊ वाजता." सकाळी कॅसेट लावून मी थेट वसंतरावांच्या घरी गेलो. त्यांच्याकडे बूस्टर होता, त्यामुळे तपासायला आलो म्हणायला निमित्त होतं. शेजारपाजार सगळा टीव्हीपुढे बसला होता.

भाऊ रात्री कोठाराशी आला. कमरेची चावी काढली. बाहेर व्यापाऱ्याच्या गाड्या उभ्या. गावात लेकरं उपाशी, आणि हा पोती मोजून देतोय. झाडाआड राणी. बाया ओरडायला लागल्या. "अगं माय, हा तं चोरच निंघाला!" एक म्हातारी तर टीव्हीला म्हणाली, "हान त्याले बाई, हान." भाग संपला तेव्हा खालची लाईन झाडून राणीच्या बाजूला आली होती.

वसंतराव तंबाखू मळत बसले होते. मी विजयी चेहऱ्याने म्हटलं, पाहिलंत ना? आता तरी?

ते उठले, मला गोठ्याकडे घेऊन गेले. "बाळाभाऊ," ते म्हणाले, "चोर तं तो हायेच. मी कुठी नाही म्हन्तो? पन तिनं भर दरबारात काहून सांगतलं? नदीतून काढलं होतं तिले त्यानं. आतमंदी बलावून नसतं का सांगता आलं?" मग बैलाकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "माहा कापूस कवडीच होता. मले काय समजत नाही? मीच तं येचला. पन चार लोकांत..."

वाक्य अर्धं टाकून ते बैलापुढचा कडबा सारखा करायला लागले. मला वाटलं होतं, अर्धा भाग दिसला नाही म्हणून भांडण आहे, दाखवला की मिटेल. भाग दिसला आणि त्यांचं दुखणं होतं तिथेच राहिलं. मला त्या माणसाची फार माया वाटली, आणि माझ्या कॅसेटची लाज.

नामदेवरावांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बाजूला बोलावून कानात सांगितलं असतं, तर रांगेतले काय म्हणाले असते? इवायाशी काही ठरवून राह्यला, हेच ना? मग त्या दिवसापासून माझ्या एकाही शब्दाला किंमत राहिली नसती." व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. नामदेवरावांचं म्हणणंही खोटं नव्हतं. "आणि बाळाभाऊ, ते 'कवडी' म्हणताना मला सोपं गेलं असं समजू नका."

मी ऑफिसात येऊन सुनंदाला दोन्हीकडचं जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, साऱ्या गावाचं मत म्या टाइप केलं. राणीचं काय चुकलं, हे मले कोनी इचारलं?"

मी म्हटलं, मी विचारतो. सांग.

सांगितलं नाही. तिने टाइप केलं आणि मला न दाखवताच पट्टी सुरू केली. बाकीची माणसं मताखाली 'एक प्रेक्षक' लिहायची. तिने नाव घातलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, वर लाईट असताना वर आणि खाली लाईट असताना खाली, सेलच्या आणि वाढदिवसाच्या मधून ते सरकत होतं, "राणीने शिक्षा दिली ते बरोबरच. पण भावाचा दोष जसा भर दरबारात सांगितला, तसा त्याचा गुणही भर दरबारात सांगायला पाहिजे होता. सुनंदा, खालची लाईन."

त्यानंतर पट्टीवर राणीबद्दल एकही मत आलं नाही. गुरुजींनीसुद्धा बटाटा सोडून दिला. दोन दिवसांनी नामदेवरावांचा निरोप खाली गेला, की ठरल्या तारखेला आम्ही येतो. वसंतरावांनी उलट निरोप दिला, "येऊ द्या. चहा पाजू. पुढचं पुढं." होकार नव्हता, नकारही नव्हता. सुनंदाने साडीला इस्त्री करावी की नको, हे तिच्या आईला कळत नव्हतं.

साक्षगंधाला वसंतरावांच्या अंगणात लहानसा मांडव होता आणि गर्दी लग्नाइतकी. निकाल ऐकायला वरची लाईन पण आली होती. नामदेवराव नातेवाइकांसह आले, सतरंजीवर बसले. प्रवीण घामाने भिजला होता. वसंतराव खांबाला टेकून उभे, हाताची घडी घातलेली. भटजींनी नारळ पुढे सरकवला, पण कोणी हात लावेना. तेव्हा नामदेवराव उभे राहिले.

"मला थोडं बोलायचं आहे," ते म्हणाले, त्याच नेहमीच्या आवाजात. "वसंतरावांच्या कापसाला मी भर रांगेत कवडी म्हटलं. तो कवडीच होता."

मांडवातून एक सुस्कारा गेला. सुनंदाच्या आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं.

"ग्रेडरपुढे शेतकरी काय काय करतात, ते मी रोज बघतो," ते पुढे म्हणाले. "कोणी हात जोडते. कोणी शिव्या देते. कोणी दूरचं नातं काढते, तुमच्या मामाच्या गावचा आहे म्हणते. अन् ह्या माणसाला नातं काढावं लागत नव्हतं, ते होतंच. तोंडातून 'इवाईबुवा' एवढा शब्द काढला असता, तर माझी मान सगळ्यांपुढे अडकली असती. यांनी तो काढला नाही. मला सांभाळलं अन् गाडी वळवली. इतक्या वर्षांत असा एकच माणूस मी पाहिला. त्यांच्या घरची पोरगी माझ्या घरी यावी, म्हणून मी आज सगळ्यांपुढे हात जोडून मागतो."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. कोपरापर्यंत कापसात जाणारे ते हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वसंतरावांची हाताची घडी केव्हा सुटली ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी गमच्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि म्हणाले, "अन् हे तुमाले त्याच दिवशी बोलता येत नव्हतं काय?"

नामदेवरावांनी जोडलेले हात तसेच ठेवून सांगितलं, "त्या दिवशी मी कामावर होतो."

पहिल्यांदा वसंतराव हसले. मग मांडव हसला, वरची लाईन, खालची लाईन, सगळीच. त्या हसण्यातच वसंतराव पुढे झाले, नारळ उचलला आणि इवायाच्या हातात दिला.